कुलपाआडचा आवाज

१

सकाळी नवाच्या सुमाराला सोनाजी गावातून आखाड्यावर परतायचा. डोक्याला रुमाल, हातात बायकोनं, सखुबाईनं, बांधून दिलेल्या भाकरी. कुरुंद्याच्या शिवारातला हा त्याचा आखाडा म्हणजे शेतातली एक दगडी खोली, पुढं पत्र्याचं छप्पर, एक लिंब आणि विहीर. साल दोन हजार तीन, शिमग्याचे दिवस. हळद शिजवून खळ्यावर वाळत घातली होती. त्या महिन्यात तिकडं माणसाचे हात पिवळे, धोतर पिवळं, शिंकलं तर शिंकही पिवळी.

आल्या आल्या तो हळदीवरून एकदा दाताळं फिरवायचा. मग करदोड्याला बांधलेली किल्ली काढून खोलीचं कुलूप उघडायचा. आत त्याचा पोरगा होता, विश्वंभर. तेवीस वर्षांचा.

पोराला बापानं कोंडलं नव्हतं. पोरानं स्वतःच कोंडून घेतलं होतं.

"आबा, त्या व्यसन सोडवायच्या केंद्रातून मी दोनदा पळून आलो," तो म्हणाला होता. "तिसऱ्यांदाबी पळीन. मला आखाड्यावर घाला आन् बाहेरून कुलूप लावा. म्या वरडलो, शिव्या देल्या, पाया पडलो, तरी काढू नका."

नांदेडला वायरमनचं शिकायला गेलेलं पोरगं तिथं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या प्यायला शिकलं. आधी एक, मग तीन, मग दिवसाला आठ. बाटली मिळाली नाही की हातपाय आखडायचे, पोटात कळा यायच्या, अंगावर काटा येऊन भर उन्हात दात वाजायचे. वसमतच्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, पहिले दहा-बारा दिवस लई तकलीफ होईल, पाणी पाजत राहा, एकटं सोडू नका.

सोनाजी एकटं सोडत नव्हता. रात्री तो बाहेर छपरात बाज टाकून झोपायचा, दिवसा हाकेच्या अंतरावर राबायचा. दार उघडायचं, ताट ठेवायचं, घाणीची बादली न्यायची, माठ भरायचा, दार लावायचं. बोलायचं काही नाही. दोघांत बोलायला काही उरलंच नव्हतं. दार उघडलं की विश्वंभर अंग चोरून भिंतीला लागायचा, आणि सोनाजी खाली बघत आपलं काम उरकायचा.

चौथ्या दिवशी त्यानं ताट ठेवलं आणि कानाशी टप टप असा आवाज आला.

दोन खुंट्यांना बांधलेल्या दोरीवर विश्वंभरचं बनियन वाळत होतं. कालपासून ते ओकारीनं भरलेलं होतं. आता धुतलेलं होतं आणि त्यातून पाणी गळत होतं. सोनाजीनं माठात बघितलं. पहाटे त्यानंच भरलेला माठ तसाच काठोकाठ होता. खोलीत दुसरं पाणी नव्हतं.

"कुणी धुतलं हे?"

"तुमीच ना," विश्वंभर भिंतीकडं तोंड करून म्हणाला.

सोनाजीनं बनियन हातात घेतलं. दोन्ही टोकांना पिवळी बोटं उमटलेली होती आणि कापडातला पीळ अजून सुटला नव्हता. पीळ उलटा होता. सोनाजी डावखुरा. त्यानं पिळलेलं कापड सखुबाईला कधी उलगडता यायचं नाही, त्यावरून ती तीस वर्षं त्याची थट्टा करत आली होती.

तो बाहेर आला, कुलूप लावलं, ओढून बघितलं. बराबर लागलेलं होतं.

२

सोनाजी भोळा माणूस नव्हता. अंगात येणं, उतारा टाकणं, असल्या गोष्टींवर त्याचा कधी विश्वास बसला नाही. दिवसभर दाताळं ओढता ओढता त्यानं नीट हिशेब लावला. पोरानंच धुतलं असेल. पण त्याच्या हातात तर पाण्याचा गिलास ठरत नाही. मग झरोक्यातून कुणी पाणी दिलं असेल. पण झरोका दोन पुरुष उंच, आणि त्यातून लहान लेकराचं डोकंही जायचं नाही. मग आपणच धुतलं असेल आणि विसरलो असू. झोप नाही, पन्नाशी उलटली, होतं असं.

हे शेवटचं त्याला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

पण मनात एक काटा राहिला. आपण हे केलं असतं का? पौषात याच पोरानं बाटलीसाठी आईला ओसरीवरून ढकलून दिलं होतं. सखुबाईचं मनगट मोडलं. त्या दिवसापासून सोनाजीनं पोराच्या अंगाला हात लावला नव्हता. आणि त्याच दिवशी पुढं आणखी एक घडलं होतं, ते सोनाजीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तो ते स्वतःलाही आठवू देत नसे.

दुसऱ्या दिवशी त्यानं भाकरी पुढं केली तर विश्वंभरनं मान हलवली.

"पोट भरलंय."

"कशानं?"

"मघाशी भरवलं की तुमी. ताकात कुस्करून."

सोनाजीनं त्याच्याकडं नीट बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदाच. डोळे खोल गेले होते, ओठ फुटले होते, पण मिशीला ताकाचा पांढरा थेंब वाळलेला होता. केस विंचरलेले होते. बोटांची नखं कापलेली होती, कडेच्या जिवाळीला धक्का न लावता, जपून, तान्ह्या लेकराची कापतात तशी.

आणि पोरगं पुन्हा अंग चोरून भिंतीला लागलं होतं. बापाकडं बघत होतं ते दारात कुणी अनोळखी उभं असावं तसं.

३

शुक्रवारी त्याला हळदीचा नमुना घेऊन वसमतच्या मोंढ्यात, आडत्याकडं, जाणं भाग होतं. शेजारच्या शेतातल्या सटवाजीला त्यानं सांगितलं, जरा कान ठेवा, पोरगं वरडलं तरी दार उघडू नका, किल्ली मपल्यापाशीच हाय.

चारच्या सुमाराला तो जीपमधून उतरून बांधानं परत आला, तेव्हा सटवाजी लिंबाखाली तंबाखू मळत बसला होता. सोनाजीला बघून त्याचा हात थांबला.

"आता हिकडून कसे आलात?"

"वसमतहून. सांगून गेलतो की."

सटवाजी हसला. "काहून मस्करी करता सोनाजीराव? दुपारधरून तुमचा आवाज ऐकून राहिलो मी. म्हणलं, बरं झालं, बापलेकाचं बोलणं सुरू झालं. मधी एकदा हसलातबी. लई वर्सांनी ऐकलं तुमचं हसणं."

सोनाजीनं फक्त कुलपाकडं बघितलं. सटवाजीनंही बघितलं. मग त्याची नजर सोनाजीच्या धुळीनं भरलेल्या पायांवर गेली, हातातल्या नमुन्याच्या पिशवीवर गेली. त्यानं मळलेली तंबाखू तोंडात न टाकताच खाली झटकली, उठला आणि मागं न बघता बांध ओलांडून गेला. हळदीचा हंगाम संपेपर्यंत तो परत या बाजूला फिरकला नाही.

रविवारी सखुबाई आली. मनगटाचं प्लास्टर अजून निघालं नव्हतं. ती आत पोरापाशी बसली, सोनाजी बाहेर उभा राहिला. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते, पण तोंडावर महिनोन् महिने नसलेलं काहीतरी होतं.

"आवो," ती म्हणाली, "पोरगं सांगत व्हतं. रातच्याला झोप न्हाई लागली की आबा डोकं चेपत बसतात म्हणला. पोटात कळ आली की पोटाशी धरतात म्हणला." तिनं पदर डोळ्याला लावला. "माझं चुकलं. मला वाटायचं, या पोरापायी तुमच्या काळजाचा दगड झालाय."

सोनाजीला वाटलं, आत्ता सांगावं. मी न्हाई, म्हणावं. मी रात्रभर हितं बाहेर पडलेलो असतो, आतून रडण्याचा आवाज आला की कानावरून गोधडी घेतो. पण ती त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होती त्या नजरेनं लग्नाच्या पहिल्या सालानंतर तिनं कधी बघितलं नव्हतं. तो खाली बघून एवढंच म्हणाला, "पोरगं सुधरून राहिलंय."

ते मात्र खरं होतं. पोरगं सुधारत होतं. कुणीतरी सोनाजीचं काम करत होतं, आणि सोनाजीला जमलं नसतं इतकं चांगलं करत होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा त्याला भीती वाटली. भुताखेताची वाटते तशी नव्हे. नदीच्या पात्रात उभं असताना वर कुठंतरी पाऊस झालाय आणि लोंढा निघालाय हे पायांना आधी कळतं, तशी.

४

नवव्या दिवशी दुपारी त्यानं ताट ठेवलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "गावात जाऊन येतो. सांजच्याला येईन."

कुलूप लावून तो गाडीवाटेनं वळणापर्यंत गेला. तिथून वाकून, वाळलेल्या हळदीच्या पाल्याच्या ढिगाआडून परत फिरला आणि खोलीच्या मागच्या भिंतीला पाठ लावून झरोक्याखाली बसला.

वर ऊन रटरटत होतं. पत्रे तडतड करत होते. खळ्यावर चिमण्या होत्या. विहिरीवर पारवे घुमत होते. आत विश्वंभर कण्हत होता.

बराच वेळ काही झालं नाही. सोनाजीला हसू यायला लागलं होतं. आपल्याच आखाड्यावर आपण चोरासारखं बसलोय.

मग पत्रे तडतडायचे थांबले. पारवे थांबले. ऊन तसंच होतं, पण त्यात आवाज राहिला नाही. पोराचं कण्हणंही थांबलं, रडतं लेकरू उचलून घेतल्यावर थांबतं तसं.

आणि आत कुणीतरी बोलायला लागलं.

आपला आवाज माणसाला आपल्याच तोंडून ऐकायची सवय असते. भिंतीपलीकडून ऐकला तर ओळखू येईल का, असा विचार सोनाजीनं कधी केला नव्हता. ओळखू आला. तोच घोगरेपणा, शब्दाआधी घसा साफ करायची तीच खोड. फक्त घाई नव्हती. राग नव्हता. सोनाजीच्या आवाजात कायम असायचा तो एक खडा त्यात नव्हता.

"...तुला सांगायचं राहून गेलं," तो आवाज म्हणत होता. "पौषात तुझ्या आईचं मनगट मोडलं, त्या दिवशी तिला दवाखान्यातून आणून निजवली आन् म्या तुझ्या खोलीकडं आलो. तू पालथा पडला व्हता. तोंडातून फेस आलता. श्वास घरघरत व्हता. मला लगेच जीप बोलवायला पायजे व्हती."

बाहेर सोनाजीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"म्या न्हाई बोलवली. म्या उंबऱ्यात उभा राहिलो. तुझा श्वास ऐकत. एक झाला की वाटायचं, आता दुसरा येऊ नये. सुटंल हे लेकरू, सुटंल ही माउली, सुटीन मीबी. तुझी आई उठून येईपतूर म्या तसाच उभा व्हतो. ती वरडली म्हणून जीप आली."

सोनाजीला वाटलं, आता भिंत अंगावर पडेल. पडली तर बरं.

मग विश्वंभरचा आवाज आला, थकलेला, पण साफ. "मला माहीत व्हतं, आबा."

"व्हय?"

"डोळे अर्धे उघडे व्हते मपले. तुमचे पाय दिसत व्हते उंबऱ्यात. म्या वाट बघत व्हतो, हे पाय आत येतात का माघारी जातात."

"मग?"

"मग काय न्हाई. ते तिथंच व्हते."

आतल्या बाजेची दोरी करकरली. कुणीतरी कुणाला तरी जवळ ओढून घेतलं होतं. पोरगं हुंदके द्यायला लागलं. आणि त्या हुंदक्यांच्या वर, आतला तो सोनाजी रडत होता. खुशाल, मोकळ्यानं, लाज न बाळगता. बाहेरच्या सोनाजीचे डोळे मात्र कोरडे होते. त्याला रडता येत नव्हतं.

५

तो कधी उठला आणि पुढच्या बाजूला कसा आला, हे त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. किल्ली कुलपात फिरली. नेहमी करकरणारी कडी त्या दिवशी वाजली नाही. दार चार बोटं उघडलं.

झरोक्यातून उन्हाची एक तिरपी पट्टी आत पडली होती आणि तिच्यात हळदीची पिवळी धूळ जागच्या जागी उभी होती. खाली बसत नव्हती, वर जात नव्हती. बाजेवर विश्वंभर होता. त्याचं डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं. मांडीवर सोनाजीचंच धोतर होतं, गुडघ्यापाशी रफू केलेलं. कपाळावर पिवळा हात होता, डावा.

बसलेला माणूस दाराला पाठमोरा होता.

आपली पाठ माणूस जन्मात बघत नाही. तरी सोनाजीनं ती ओळखली. उजव्या खांद्यापेक्षा किंचित खाली आलेला डावा खांदा, मानेवरच्या सुरकुत्या, वाकलेपण. ती पाठ काही मोठी नव्हती. पण तिच्या पलीकडची भिंत फार लांब दिसत होती, एखाद्या मोठ्या माळाच्या दुसऱ्या टोकाला असावी तशी, आणि त्या सगळ्या अंतरात शांतता भरून राहिली होती. सोनाजीला पळावंसं वाटलं नाही. त्याचा हात आपोआप डोक्याकडं गेला आणि त्यानं रुमाल काढून घेतला.

कपाळावरून फिरणारा हात थांबला.

त्या पाठीला कळलं होतं. मान जराशी कलली, दार वाजलं की कलते तशी. मग ती हळूहळू वळायला लागली. कान दिसला. गालाचं हाड दिसलं. त्यावरून ओघळलेलं पाणी उन्हाच्या पट्टीत चमकलं.

सोनाजीनं खाली मान घातली आणि डोळे गच्च मिटले. त्याला एवढंच कळत होतं की तो चेहरा पुरता बघितला तर आपला हा चेहरा घेऊन परत घरी जाता येणार नाही.

बाजेची दोरी पुन्हा करकरली. कुणी उठल्याचा तो आवाज नव्हता. कुणीतरी सरकून जागा करून दिली होती.

पत्रे तडतडले. विहिरीवर पारवा घुमला. सोनाजीनं डोळे उघडले. बाजेवर एकटा विश्वंभर होता, डोळे मिटून, मान अधांतरी उचलून, खाली उशी येईल याची वाट बघत असल्यासारखा.

तो आत गेला. दार उघडंच राहिलं. बाजेच्या कडेला तो बसला तर दोरी ऊन होती, माणूस उठून गेल्यावर असते तशी. पोराचं डोकं त्याच्या मांडीवर आलं. केवढं जड. सोनाजीचा हात हवेतच राहिला. कुठं ठेवावा ते त्याला सुचेना. मग तो कपाळावर टेकला. कपाळ घामानं ओलं होतं.

"थांबलात काहून?" डोळे न उघडता विश्वंभर म्हणाला. "सांगा की पुढं."

सोनाजीनं विचारलं, "कुठवर आलतो?"

"ओढ्याच्या मधात."

ओढा. तीन वर्षांचं तापानं फणफणलेलं पोरगं खांद्यावर घेऊन सोनाजी एका श्रावणात छातीभर पाण्यातून डॉक्टरकडं गेला होता. ते त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात, बाप होता, गेला.

त्यानं घसा साफ केला.

"मधात..." तो म्हणाला, "मधात पाय सटकला मपला. तू मानेला मिठी मारली. एवढी घट्ट, की मला श्वास घेता येईना..."

आणि तिथं, एवढ्या महिन्यांनी, त्याला रडू फुटलं.

६

त्या दिवसानंतर दाराला कुलूप लागलं नाही. विश्वंभर एकवीस दिवस आखाड्यावर राहिला आणि सोनाजी त्याच्यापाशी आत झोपला. तो आवाज पुन्हा कुणाला ऐकू आला नाही. पोरगं एका झटक्यात बरं झालं असंही नाही. दुसऱ्या साली दिवाळीच्या आधी ते परत एकदा घसरलं, पण तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी आलं आणि म्हणालं, आबा, चला. बापलेक पुन्हा आठ दिवस त्या खोलीत राहिले. त्यानंतर मात्र नाही.

पुढं विश्वंभरनं कुरुंद्यात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं. लग्न झालं. मुलगी झाली.

दोन हजार नऊ साली एकदा दुपारी सोनाजी दुकानात बसला होता. विश्वंभर एका जळालेल्या मोटारीतून तांब्याची तार उलगडत होता. गिऱ्हाईक नव्हतं. सोनाजीनं सहा वर्षं पोटात धरलेला प्रश्न कसाबसा बाहेर काढला.

"विश्वा, आखाड्यावर व्हतास तवा... खोलीत अजून कुणी यायचं का रे?"

विश्वंभरचे हात थांबले.

"यायचं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुमाला ठाऊक न्हाई. म्हणून बोललो न्हाई कधी."

सोनाजी पुढं सरकला. "कसं व्हतं?"

"तुमच्यावानीच दिसायचं, आबा. आधी मीबी फसलो. तुमी जरा उठून गेला की यायचं. कुलूप काढायचं, ताट ठेवायचं, बादली उचलायची, आन् जायचं. तोंडाकडं बघायचं न्हाई. धड बोलायचं न्हाई." त्यानं हातातली तार खाली ठेवली. "एवढी वर्सं झाली, पण कोण व्हतं ते काय कळलं न्हाई मला. लई भ्या वाटायचं त्याचं."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. दुकानातले डबे थरथरले आणि थांबले.

"न्हाई येणार ते आता," सोनाजी म्हणाला.